पुस्तकांतील स्नेही



रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर सुपारी कातरतां कातरतां घटकाभर गप्पा करण्याची आमच्या घरीं जुनी चाल आहे. गेल्या महिन्यांत अशाच एका रात्रीं माझ्या पुतणीनें मला विचारलें, “काका, तुम्हीं इतकीं पुस्तकें वाचलींत. त्यांतलें एखादें माणूस खरोखरीचें होऊन आपला जिना चढून आलें आणि तुमचा मित्र म्हणून येथेंच राहिलें, तर तें कोण असावें?” प्रश्न विचारून ती थांबली नाहीं, स्वतःचें उत्तरहि तिनें देऊन टाकलें : शेरलॉक होम्स. तिच्या धाकट्या भावानें फुरसुंगीच्या बनेश फेण्याचें नांव घेतलें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “कोणीहि येवो, पण कणीक भिजविण्यापूर्वीं सांगून येवो.” मला मात्र उत्तर देतां आलें नाहीं. पन्नास वर्षांचें वाचन पाठीशीं असतां एका साध्या प्रश्नानें आपली अशी फजिती करावी याचें मला नवल वाटलें, आणि तेव्हांपासून तो प्रश्न डोक्यांतून जाईना. आज आपल्यापुढें बोलावयास बसलों आहें, तो त्याचा थोडाबहुत उलगडा करावा म्हणून.

पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही, कीं ‘आवडतें पात्र कोणतें’ आणि ‘स्नेही म्हणून कोण हवें’ हे दोन प्रश्न अगदीं वेगळे आहेत. आवडतें पात्र आपण प्रेक्षकाच्या जागेवरून पाहतों. त्याचें धैर्य, त्याची बुद्धि, त्याचें दुःखसुद्धां आपणांस भव्य वाटतें, कारण त्यांतलें कांहींच आपल्या अंगावर येत नाहीं. स्नेह्याची गोष्ट निराळी. तो आजारी पडतो, उसने पैसे मागतो, भलत्या वेळीं येऊन बसतो, आणि आपणहि त्याच्याकडे तसेच जातों. हॅम्लेटवर माझें निरतिशय प्रेम आहे. परंतु रविवारीं दुपारीं तो माझ्याकडे आला, तर दोन तास त्याच्याशीं काय बोलावें या विवंचनेनें मी घामाघूम होईन. शिवाय त्याच्या मित्रांचें काय झालें हेंहि विसरून चालणार नाहीं. लहानपणापासूनचे दोघे सोबती त्यानें परस्पर इंग्लंडला मरणाच्या दारीं धाडले. होरेशिओ तेवढा जगला. तोहि, माझी हकीगत जगाला सांगण्यासाठीं मागें राहा, अशी मित्राची शेवटची विनवणी झाली म्हणून.

पुराणांतलीं माणसें या विचारांतून मीं मुद्दाम वगळलीं आहेत. कृष्ण-सुदाम्याच्या मैत्रीपुढें आपण सारे हात जोडतों. पण ज्याच्यापुढें संध्याकाळीं निरांजन लावावयाचें, त्यालाच ‘जरा कोपऱ्यावरून दूध घेऊन येतोस का’ असें सांगण्यास जीभ रेटत नाहीं.

आतां आमच्या पुतणीच्या होम्सपासूनच आरंभ करूं. आर्थर कॉनन डॉइल यांनीं हें पात्र १८८७ सालीं वाचकांपुढें आणलें. होम्स आणि डॉक्टर वॉटसन हे लंडनच्या बेकर स्ट्रीटवर एका बिऱ्हाडांत राहूं लागतात, तें जागेचें भाडें एकट्यास झेपत नाहीं म्हणून. पहिल्याच भेटींत, तुम्ही अफगाणिस्तानांतून आलांत, असें होम्स वॉटसनला सांगतो. मनुष्याचे बूट, त्याची बाही, त्याच्या हाताचा रंग पाहून त्याचा इतिहास वाचणारा हा पुरुष कोणास नको होईल? पण त्याच्याबरोबर एका माडीवर राहून पाहा. सिगार कोळशाच्या बादलींत, तंबाखू इराणी सपातीच्या चवड्यांत, आणि उत्तरें न दिलेलीं पत्रें शेकोटीवरच्या फळीला चाकूनें ठोंकलेलीं. लहर लागली कीं हा गृहस्थ आरामखुर्चींत बसून समोरच्या भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनीं राणी व्हिक्टोरियाच्या नांवाचीं आद्याक्षरें काढतो. आपल्याकडील कोणत्याहि चाळींत अशा भाडेकरूस मालकानें किती दिवस ठेविलें असतें याचा हिशेब मी श्रोत्यांवरच सोंपवितों.

घरांतला पसारा एक वेळ सोसेल. डॉइल यांनीं १८९३ सालीं होम्सला स्वित्झर्लंडांतील रायकेनबाख धबधब्यांत नाहींसा केला आणि पुढें १९०३ सालीं परत आणला. कथेच्या हिशेबानें हा अज्ञातवास तीन वर्षांचा. त्या तीन वर्षांत होम्स जिवंत आहे हें त्याच्या सख्ख्या भावास ठाऊक होतें, वॉटसनला नव्हतें. मित्र गेला असें समजून वॉटसननें शोक केला, त्याची शेवटची हकीगत जड हातानें लिहिली, आणि एके दिवशीं एका म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषांत तो मित्र त्याच्या खोलींत येऊन उभा राहिला. वॉटसन मूर्च्छित पडला. होम्सचें स्पष्टीकरण असें, कीं तुझें माझ्यावर इतकें प्रेम, कीं त्या प्रेमाच्या भरांत तुझ्या हातून गुपित फुटेल अशी मला भीति वाटली. हा युक्तिवाद मला अजून पचलेला नाहीं. दुसऱ्या एका कथेंत तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करून तो मरणोन्मुख रोग्याचें सोंग घेतो, आणि धांवत आलेल्या वॉटसनला, तूं बेताच्या लायकीचा डॉक्टर, असें तोंडावर ऐकवितो. गुन्हेगार पकडण्यासाठींच हें सारें, हें खरें; पण त्या बिचाऱ्यास तें शेवटीं कळतें.

एक प्रसंग मात्र मला नेहमीं घोंटाळ्यांत टाकतो. वॉटसन आपलें एक जुनें घड्याळ होम्सच्या हातीं देतो, आणि त्यावरचे ओरखडे व खुणा पाहून होम्स त्याच्या मृत भावाची, दारूनें झालेल्या त्याच्या दुर्दशेची, सारी कहाणी सांगून टाकतो. वॉटसन दुखावतो, होम्स क्षमा मागतो. मित्राचें दुःख त्यानें न सांगतां ओळखणें ही शक्ति असामान्य खरी. पण होम्स ती कोडें सोडविल्यासारखी वापरतो, असें माझें आजवरचें मत. १९२४ सालच्या एका कथेंत वॉटसनला गोळी चाटून जाते व होम्सचे ओठ थरथरतात. तेवढ्या एका क्षणासाठीं वॉटसन मागचीं सारीं वर्षें विसरून जातो. वाचतांना माझेंहि मन भरून येतें. परंतु हा मनाचा मोठेपणा कोणाचा? आपला चालू दवाखाना शेजारच्या डॉक्टरवर टाकून एका चिठ्ठीसरशी आगगाडी गांठणाऱ्या, रात्र रात्र अंधारांत पिस्तूल घेऊन बसणाऱ्या, आणि दुसऱ्याची कीर्ति आपल्या हातानें लिहिणाऱ्या त्या डॉक्टरचा. पुतणीला मीं सांगितलें, “जिन्यांत दोघांचीं पावलें वाजलीं तर होम्सला तूं खुर्ची दे. वॉटसनला घेऊन मी आंत जातों.”

कांहीं माणसें अशीं असतात, कीं त्यांच्याजवळ संध्याकाळ काढावी आणि रात्रीं आपापल्या घरीं जावें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या १९१० सालच्या पुस्तकांतील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हें त्रिकूट मी याच वर्गांत घालतों. रूढींची टर उडवावयाची तर तिचे भक्त होऊन उडवावी ही त्यांची युक्ति अजून ताजी वाटते; पण हीं माणसें एकमेकांत इतकीं गुरफटलेलीं आहेत, कीं चौथ्यास तेथें श्रोत्याखेरीज दुसरी जागा नाहीं. पु. ल. देशपांड्यांचा रत्नागिरीचा अंतू बर्वा हाहि तसाच. त्याच्या तिरकस वाणीखालचा एकटेपणा कळतो, जीव तुटतो. तरीहि आपण उठून गेल्यावर हा आपल्याविषयीं काय बोलेल या धास्तीनें घरीं झोंप लागावयाची नाहीं. फेण्याच्या बाबतींत अडचण एवढीच, कीं त्याच्यामागें सायकल पिटाळण्याचें माझें वय राहिलेलें नाहीं.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यापाशीं मात्र मी बराच वेळ रेंगाळलों. चि. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे जाणते. पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो या दोन भावांमुळें. १९३३ सालीं निघालेल्या ‘चिमणरावांचें चऱ्हाट’ या पुस्तकापासून हीं दोघें घरोघर गेलीं. १९४० सालीं मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावें करून’ या बोलपटांत तीं दिसलीं. आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं त्यांस असें कांहीं रूप दिलें, कीं त्या पिढीला दुसरे चिमणराव कल्पितांच येत नाहींत. चिमणराव हाडकुळे, भित्रे, कारकुनी पेशाचे. गुंड्याभाऊ धिप्पाड, मिशाळ, आधीं हात उगारून मागून चौकशी करणारे. गुंड्याभाऊंच्या मदतीनें संकट सहसा दुप्पट होतें. तरीहि प्रत्येक नव्या संकटांत चिमणराव त्यांनाच हांक मारतात, आणि ते येतात.

या जोडींत मला कोण हवे, हें ठरवितांना मी प्रथम अर्थात् गुंड्याभाऊंकडे वळलों. मोठा माणूस पाठीशीं असला कीं बरें वाटतें. पण विचार करतां करतां चिमणरावांकडे आलों. आपली फजिती ते स्वतःच सांगतात, आणि ती सांगतांना कोणावर दांत धरीत नाहींत. ज्या दिवशीं कचेरींत आपला अपमान झाला असेल, ज्या दिवशीं आपण भ्यालों असूं आणि घरीं तें सांगण्याची लाज वाटत असेल, त्या दिवशीं अशा माणसाकडे जावें. तो आपणांस धीर देणार नाहीं. तो स्वतःची याहून मोठी फजिती सांगेल, कावेरीबाई आंतून चहा पाठवितील, आणि अर्ध्या तासानें आपण हंसत असूं.

एवढ्यावर मी थांबणार होतों. परंतु एके रात्रीं कपाटांतून डिकन्सचें ‘पिकविक पेपर्स’ काढलें आणि विचाराला निराळें वळण लागलें. हें पुस्तक १८३६-३७ मध्यें मासिक अंकांनीं निघालें. आरंभीं त्याचा खप अगदींच बेताचा होता. चौथ्या अंकांत सॅम वेलर नांवाचा एक बूट पुसणारा खाणावळींतला गडी आला, आणि पुस्तक संपावयाच्या सुमारास खप ४०,००० प्रतींवर पोंचला. वाचकांनीं सॅमला ओळखलें तें त्याच्या बोलण्यावरून. मला तो खरा दिसला तुरुंगांत. म्हातारे पिकविक यांच्यावर त्यांच्या घरमालकिणीनें लग्नाचें वचन मोडल्याची खोटी फिर्याद केली. ७५० पौंडांची नुकसानभरपाई ठरली. अन्यायाचा एक पैसाहि देणार नाहीं, या हट्टानें पिकविक कर्जदारांच्या फ्लीट तुरुंगांत गेले, आणि सॅमला म्हणाले, ही जागा तरुण माणसाची नव्हे; तुझा पगार चालू राहील, तूं जा. सॅम गेला. त्यानें आपल्या बापाकडून २५ पौंड उसने घेतले, आणि तें कर्ज फेडीत नाहीं म्हणून त्याच बापाकडून स्वतःवर पकडवॉरंट बजावून घेतलें. मग कैदी होऊन तो धन्यापुढें येऊन उभा राहिला. पिकविक विचारतात, तुझा सावकार तरी कोण? सॅम गंभीरपणें सांगतो, मोठा द्वेषी, हट्टी माणूस आहे. त्याच्याकडे दयेची भीक मी मागणार नाहीं.

त्या काळीं कर्जासाठीं मनुष्य तुरुंगांत पडे. डिकन्सचे वडील १८२४ सालीं असेच मार्शलसी तुरुंगांत होते, आणि बारा वर्षांचा मुलगा बाहेर बुटपॉलिशच्या कारखान्यांत राबत होता. त्या मुलानें मोठेपणीं कल्पिलेला हा सोबती आहे. विनोदाच्या झुलीखालीं त्याची इच्छा स्पष्ट दिसते. कोणी म्हणेल, सॅम पगारी नोकर, ही मैत्री कसली? आक्षेप खरा आहे. मलाहि हा प्रसंग दोन समान माणसांत घडलेला पाहावयाचा होता. तसा तो संस्कृतांत सांपडला.

शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ देवलांच्या नाटकामुळें मराठी माणसास परकें नाहीं. त्यांतली वसंतसेना, त्यांतला शकार, शर्विलकानें घातलेली ती कलापूर्ण घरफोडी, हीं सर्वांच्या स्मरणांत असतात. मैत्रेय हा विदूषक. त्याच्या वाट्यास हंसू यावें आणि पुढें विसर पडावा, अशीच नाटकांतील विदूषकाची रीत. पण त्याची हकीगत एकत्र करून पाहा. चारुदत्त सधन होता तेव्हां मैत्रेय त्याच्या घरीं गोडधोडावर ताव मारीत असे. चारुदत्ताचें द्रव्य दानधर्मांत गेलें. दाराशीं येणारे दिसेनासे झाले. मैत्रेय आतां दिवसां इतरत्र पोट भरतो आणि रात्रीं, पाळलेलें कबूतर खुराड्याकडे परतावें तसा, मित्राच्या पडक्या घरीं मुक्कामास येतो. यांत त्याग वगैरे कांहीं नाहीं, हेंच मला विशेष वाटतें. मित्र गरीब झाला, म्हणून त्याच्यावर जेवणाचा भार टाकावयाचा नाहीं. आणि मित्र गरीब झाला, म्हणून त्याचें अंगण सोडावयाचें नाहीं. दोन्ही गोष्टी त्यानें न बोलतां साधल्या आहेत.

आणि हा मित्र उपयोगी म्हणावा, तर तसेंहि नाहीं. वसंतसेनेनें ठेव म्हणून ठेवलेले दागिने रात्रीं त्याच्याजवळ असतात. अर्धवट झोंपेंत चारुदत्त समजून तो ते स्वतःच्या हातानें चोराला देतो. त्या बदल्यांत चारुदत्ताच्या पत्नीनें दिलेली रत्नमाला घेऊन तो वसंतसेनेकडे जातो आणि परत येऊन कुरकुरतो, कीं एवढी श्रीमंत बाई, पण ‘पाणी तरी घ्या’ म्हणाली नाहीं. पुढें चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ येतो. मैत्रेय तिचेच दागिने तिला परत देण्यासाठीं निघालेला असतो. मित्राला न्यायसभेंत बोलावलें हें ऐकून तो तिकडे धांवतो, शकाराशीं हातघाईवर येतो, आणि त्या झटापटींत काखेंतले दागिने भर सभेंत खालीं पडतात. झालें, चारुदत्ताविरुद्ध हवा होता तो पुरावा मिळाला. प्रेमानें धांवत आलेल्या मित्रानेंच मित्राच्या गळ्यांत फास घातला.

मी या ठिकाणीं पुस्तक मिटून बराच वेळ बसलों. एखाद्या नीतिपर गोष्टींत मैत्रेयाला पश्चात्तापाचें भाषण मिळालें असतें, किंवा चारुदत्तानें त्याला दोष तरी दिला असता. शूद्रक तसें कांहीं करीत नाहीं. वधस्तंभाकडे जातांना चारुदत्ताला शेवटचा मुलगा दाखविण्यासाठीं लहानग्या रोहसेनाला घेऊन मैत्रेयच येतो. माझ्यामागें याचा सांभाळ कर, असें ज्याला चारुदत्त सांगतो तोहि मैत्रेयच. ज्याच्या हातून आपला सर्वनाश झाला त्याच्याच हातीं पोर द्यावें, इतका तो विश्वास. एवढ्या चुका करूनहि ज्याच्यावरचा विश्वास उडत नाहीं असा स्नेही मला असावा, आणि जमलें तर मी कोणाचा तरी तसा असावें, असें मनांत आलें. वहींत मीं मैत्रेयाचें नांव लिहिलें व पुतणीला दाखविलें. ती म्हणाली, “पण काका, तो जेवायला दुसरीकडे जाणार ना? मग काकूंना काय अडचण?”

आमच्या आजीनें हा प्रश्न ऐकला असता तर तिचें उत्तर ठरलेलें होतें. ती फार शिकलेली नव्हती, पण हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ तिनें कितीदां तरी वाचली होती. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः निघालेली ही कादंबरी म्हणजे यमूनें स्वतः सांगितलेली आपली कहाणी : माहेर, सासर, पतीनें शिकविलेलें लिहिणें-वाचणें, त्याचा अकाली मृत्यु, आणि त्यानंतर जबरदस्तीनें झालेलें केशवपन. आजी यमूविषयीं बोले ती पलीकडच्या आळींतल्या मुलीविषयीं बोलावें तशी. “मी त्या घरांत असतें,” ती म्हणे, “तर त्या दिवशीं तिला एकटी पडूं दिली नसती.” मी लहान होतों तेव्हां हें बोलणें मला भाबडें वाटे. आतां वाटतें, आम्ही सारे पुस्तकांतून स्वतःसाठीं मित्र निवडीत होतों. आजी एकटीच अशी, कीं तिनें मित्र नसलेलें माणूस निवडलें होतें.

या सगळ्या शोधांत एक नांव मीं मुद्दाम मागें ठेविलें. तें नारायणाचें. पु. लं.च्या १९६२ सालच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ मधला हा नारायण. लग्नघरांत साड्यांच्या खरेदीपासून मांडव उतरेपर्यंत सर्व कांहीं पाहणारा, ज्याच्या नांवाचा पुकारा दिवसभर चालतो तो. स्नेही म्हणून कोण हवा, असें दहा घरीं विचारलें तर निदान पांच घरीं हेंच नांव निघेल. मीहि तेंच घेणार होतों. पण आठवूं लागलों तेव्हां असें झालें, कीं नारायणाची धांवपळ मला जशीच्या तशी आठवली. त्याला स्वतःला काय हवें होतें, हें आठवेना. वाचतांना मीं तिकडे पाहिलेंच नव्हतें बहुधा.

याचें कारण माझ्या घरींच होतें. माझा एक मित्र आहे. नांव घेत नाहीं. त्याला तें आवडणार नाहीं. माझ्या बहिणीच्या लग्नांत मांडववाल्यापासून भटजींपर्यंत सर्वांशीं तोच बोलला. वडील हॉस्पिटलांत होते तेव्हां अकरा रात्रींच्या पाळ्या त्यानेंच लावून दिल्या, आणि त्यांतल्या चार स्वतःकडे घेतल्या. आमच्या घरांत कांहीं अडलें कीं ‘अरे, त्याला सांगा’ हें वाक्य आपोआप तोंडांतून निघतें. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एके संध्याकाळीं तो आला. मी मुद्रितें तपाशीत होतों. मान वर करून मीं म्हटलें, बरें झालें आलास, वरच्या टाकीचा कॉक गळतो आहे. तो म्हणाला, उद्यां सकाळीं माणूस पाठवितों. तासभर बसला, चहा घेतला, पावसाकडे पाहत राहिला, आणि छत्री घेऊन गेला. सकाळीं नळवाला आला. चार महिन्यांनीं तिऱ्हाइताकडून मला कळलें, कीं त्या दिवशीं दुपारींच त्याच्या पत्नीच्या दुखण्याचें नांव डॉक्टरांनीं त्याला सांगितलें होतें. पुढें परगांवीं शस्त्रक्रिया झाली. तीन रात्रीं तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यांत एकटा बसून होता. सुदैवानें वहिनी बऱ्या झाल्या.

कळल्याबरोबर मी त्याच्याकडे गेलों. दार वहिनींनींच उघडलें. मीं त्याला विचारलें, “त्या दिवशीं बोलला कां नाहींस?” तो जरासा ओशाळला, जणूं चूक त्याचीच. म्हणाला, “अरे, विषय निघाला नाहीं.” मग त्यानें माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

परवां त्याच्याकडे गेलों असतां पुतणीचा प्रश्न मीं त्याला घातला. तो मोठा वाचक नव्हे. आगगाडीच्या प्रवासांत होम्सच्या मराठींत आलेल्या कथा वाचल्या असतील, तेवढेंच. त्यानें थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “होम्स.”

मला आश्चर्य वाटलें. मीं त्याच्यापुढें सारें आरोपपत्र वाचलें. सपातींतली तंबाखू, भिंतींतल्या गोळ्या, वॉटसनपासून लपविलेलीं तीन वर्षें, कांहीं सोडलें नाहीं. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें.

“असेल,” तो म्हणाला. “पण त्याच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन नुसतें बसलें असतें, तरी चाललें असतें.”